एक्केचाळीस नंबरची मुळं

सिमांगच्या हाताला कधी चिखलाचा वास येत नसे. बावीस वर्षं तिने हात चिखलातच घातले होते, पण वाहत्या पाण्याखाली राहून राहून ते पांढुरके, मऊ आणि गार पडले होते. बोटांच्या टोकांवरच्या सुरकुत्या रविवारीसुद्धा जात नसत. चर्चमध्ये प्रार्थनेच्या वेळी शेजारणीचा हात धरायचा असतो, तेव्हा शेजारीण हमखास दचकायची. "आते सिमांग, तुझा हात धरला की मला बर्फातला मासा आठवतो ग," असं बेबांग सगळ्यांसमोर म्हणायची. बेबांग तिच्या शेजारच्या नळावर काम करायची. तोंडाने फटकळ, मनाने बरी. आते म्हणजे थोरली बहीण. शेडमधल्या सगळ्याच बायका सिमांगला आते म्हणत, कारण सगळ्यांत जुनी तीच होती.

शेड होती भाताच्या संशोधन केंद्रात, माकिलिंग डोंगराच्या पायथ्याशी, आणि शेडमधलं काम होतं मुळं धुण्याचं. सांगितलं तर लोकांना खरं वाटायचं नाही. सिमांगच्या सासूची तर मरेपर्यंत खात्री होती की सून तिथे साहेबलोकांच्या स्वयंपाकघरात भाजी धुते, आणि मुळं वगैरे जे सांगते ते लाज झाकायला.

काम असं. कमरेएवढ्या उंचीचे प्लास्टिकचे पाइप, त्यांत माती भरून एकेक भाताचं रोप वाढवलेलं. दिवस भरले की पाइप उभा चिरायचा, आतला मातीचा खांब टेबलावर आडवा घ्यायचा आणि सुरीने त्याचे वीत-वीतभर लांबीचे पाच तुकडे करायचे. तुकडे टबात भिजत टाकायचे. मग एकेक तुकडा चाळणीवर घेऊन नळाच्या धारेखाली माती घालवायची आणि मुळं राखायची. राखलेली मुळं चिमट्याने वेचून चौकटी आखलेल्या काचेवर पसरायची, आणि मूळ जिथे जिथे रेघ ओलांडेल तिथे तिथे हातातल्या यंत्राचं बटण दाबायचं, टिक. त्या टिकटिकीवरून मुळांची लांबी कशी काढतात ते डॉक्टर बेर्सामिनबाईंना ठाऊक. सिमांगला एवढंच ठाऊक होतं की पाऊस लांबला तर ज्याचं मूळ खोल तेच भात तग धरतं, आणि असं भात शोधायला हा सगळा खटाटोप आहे.

वरच्या तुकड्यात मुळांचा नुसता गुंता असतो, तो कुणीही धुवेल. खरी परीक्षा पाचव्या तुकड्याची, अगदी तळाच्या. तिथे पोचलेली मुळं केसाएवढी बारीक आणि मोजकी. नळ जरा मोठा सुटला, हात जरा घाईत फिरला, की तो केस चाळणीच्या भोकातून निसटून मोरीत जातो आणि कुणाला पत्ताही लागत नाही. कागदावर 'पाचवा तुकडा: शून्य' असं लिहिलं जातं, आणि त्या दिवसापासून ते भात उथळ मुळांचं ठरतं. जेवायच्या आधीचा अर्धा तास आणि शुक्रवारची दुपार, या दोन वेळांत किती केस मोरीत गेले असतील याचा हिशेब देवाकडेच असेल. बायका वाईट नव्हत्या. हात भरून यायचे, आणि पाठीला कळ लागलेली असताना एका केसासाठी कोण थांबतं?

रोपांना नावं नसत, नंबर असत. साठ जाती, प्रत्येकीचे चार पाइप, प्रत्येक पाइपाला पत्र्याचा बिल्ला. नाव कळलं तर धुणारीचा हात कमीजास्त व्हायचा, म्हणून ही काळजी. डॉक्टरबाई हुशार होत्या, कष्टाळू होत्या, बायकांशी कधी आवाज चढवून बोलल्या नाहीत. पण धुणारी बाई बिल्ल्याकडे न बघता नुसतं रोप बघून भात ओळखू शकेल, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. त्यांनी भात पाहिलं होतं ते पुस्तकात आणि पाइपात.

सिमांग जन्मली मिंदोरो बेटाच्या डोंगरात, कातमोन नावाच्या वीसबावीस घरांच्या वाडीत. तिकडे भात पेरतात ते उतारावर, बांध नाही की साठवलेलं पाणी नाही. पुढे पुरुष काठीने भोकं पाडत जातात, मागून बायका भोकात दाणे टाकत जातात, आणि दिवसभर दोन्हीकडून टोमणे चालतात. प्रत्येक घर तीन-चार जातीचं भात पेरी. खालच्या ओलसर कोपऱ्यात एक, मधे एक, वर खडकाळ कडेला आणखी एक. एक गेलं तर दुसरं हाताशी राहावं म्हणून. हे कुणी कुणाला शिकवलेलं नव्हतं, तशीच रीत होती.

तिच्या वडिलांचा, तातयचा, जीव होता इनांबोनवर. बुंध्याशी जांभळी कडी असलेलं भात. शिजायला लागलं की वासावर तिसऱ्या घरातला माणूस "सहज आलो होतो" म्हणत येऊन बसायचा. तातय त्याला बसवून घ्यायचा आणि मग गेल्यावर नावं ठेवायचा. सिमांग एकोणीस वर्षांची असताना केंद्राचा एक माणूस चिखलाने बरबटलेल्या बुटांनी वाडीत आला होता, जुन्या भातांचं बी गोळा करत. तातयने त्याला मूठभर इनांबोन दिलं, आणि पुढे आयुष्यभर ही गोष्ट लोकांना ऐकवली. "माझं भात सरकारी कपाटात आहे," म्हणायचा.

पुढे सिमांग लग्न होऊन समुद्र ओलांडून लागुनात, या केंद्राच्या भागात, आली. नवरा सुतार होता. सहा वर्षांनी तो एका शाळेच्या छपरावरून पडून गेला. मूलबाळ नव्हतं. शेडमधला तिसरा नळ तेवढा तिचा राहिला. आणि तिकडे डोंगरात एका वर्षी करपा आला, मागोमाग उंदीर आले, आणि इनांबोन गेलं. थोडंफार नव्हे, पार गेलं. आजूबाजूच्या कुठल्याच वाडीत दाणा उरला नाही. तातय दोन वर्षं पायपीट करत विचारत फिरला. अखेरच्या दुखण्यात ती भेटायला गेली तेव्हा तो म्हणाला, "तू तिथेच काम करतेस ना? मूठभर दिलं होतं मी त्यांना. त्यातलं चिमूटभर माग की परत. माझंच आहे."

तिने मागितलं. बी ठेवतात त्या शीतघराचा कारकून हसला. "बाई, आत लाखभर पुड्या आहेत. तुझ्या बापाची कुठली, नंबर सांग."

नंबर तिला कुठून ठाऊक असणार? तातय गेला. तिने त्याला "मागितलंय, देतो म्हणालेत" असं कळवलं होतं, ते खोटं घेऊनच तो गेला.

त्यानंतर चार वर्षांनी, एका सोमवारी सकाळी, तिने टबातून पहिला तुकडा उचलला आणि तिचा हात थांबला. बुंध्याशी जांभळी कडी. तिने नखाने खोड जरा चेपलं आणि नाकाशी नेलं. मग बिल्ला पाहिला. एक्केचाळीस.

"काय ग? साप आहे का टबात?" बेबांगने विचारलं.

"नाही. माहेरचं माणूस भेटलं."

बेबांगने तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. "ताप तर नाही," ती बाकीच्यांना म्हणाली.

सिमांगला नियम माहीत होता. जे भात खोल मुळांचं ठरेल त्याचं बी वाढवून डोंगरातल्या वाड्यांना देणार. बाकीच्या पुड्या परत शीतघरात, आणि शीतघरात गेलेलं तिने बावीस वर्षांत कधी बाहेर येताना पाहिलं नव्हतं. तातयचं भात तिच्या हातात होतं आणि तिचा हातच ते ठरवणार होता.

तिने नळाची धार करंगळीएवढी केली. चाळणीखाली आणखी एक चाळणी धरली. पाण्यात तळवा उलटा ठेवून माती त्यावरून ओघळू दिली. पाचव्या तुकड्याला तिने अख्खी सकाळ घातली, आणि शेवटी पांढऱ्या ताटात पाणी घेऊन, उन्हाकडे तिरकं धरून, तळाशी राहिलेला एकेक केस चिमट्याने उचलला. जेवायची घंटा झाली तरी उठली नाही. एक्केचाळीसचे उरलेले तीन पाइप बेबांगच्या आणि इतरांच्या वाट्याला गेले होते, ते तिने मागून घेतले. बदल्यात आपले सोपे पाइप दिले.

"आते, एक्केचाळीसशी सोयरीक जमवलीस वाटतं?" बेबांग म्हणाली. "आम्हाला निदान लग्नाला तरी बोलाव."

"बोलावीन. अहेर आण."

ती हसली, बायका हसल्या. त्या पंधरवड्यात ती फार सुखात होती. आणि एक्केचाळीसला जो वेळ जास्त गेला तो कुठून तरी भरून काढायलाच हवा होता, म्हणून बाकीचे नंबर तिने उरकले. कुठला कधी धुतला हेही तिला नंतर धड आठवेना.

ही चोरी होती का? तिने पुढे स्वतःला हजारदा विचारलं. जास्तीचं एक मूळ तिने घातलं नव्हतं. एक टिक जास्तीची दाबली नव्हती. एक्केचाळीसचं जेवढं होतं तेवढंच तिने दाखवलं; त्यातलं काही जाऊ दिलं नाही, इतकंच. बाकी एकोणसाठांचं मात्र जात राहिलं.

निकाल लागला. एक्केचाळीसची मुळं पाइपाच्या तळापर्यंत, आणि जवळजवळ बाकी सगळ्यांची तिसऱ्या-चौथ्या तुकड्यात संपलेली. डॉक्टर बेर्सामिनबाई इतक्या खूश झाल्या की शेडमधल्या बायकांना पान्सितच्या शेवया आणि सरबत आलं. बाईंचा लेख परदेशात छापून आला. दुसऱ्या वर्षी बी वाढवलं आणि ज्या भागातलं ते भात, त्याच भागात आधी वाटायचं ठरलं. सिमांगने धाकट्या भावाला, सांतोला, पत्र लिहिलं. चौथी शिकलेली बाई, चार ओळी लिहायला तिला संध्याकाळ लागली.

'तातयचं इनांबोन परत येतंय. इथे साठ जातींत त्याचं मूळ सगळ्यांत खोल निघालं. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, माझ्या हातांनी धुतलंय. डोळे झाकून पेर.'

सांतोने ते पत्र वाडीला वाचून दाखवलं. पोती आली त्या दिवशी डुक्कर कापलं. म्हातारी माणसं दाणे हातात घेऊन रडली, असं त्याने कळवलं. पहिल्या वर्षी पाऊस छान झाला, दुसऱ्या वर्षीही झाला, आणि कातमोनच्या घराघरातून पुन्हा तो वास येऊ लागला. मग तीन-तीन जाती पेरण्याचा उपद्व्याप कोण करतो? खालच्या कोपऱ्यापासून खडकाळ कडेपर्यंत सगळा उतार इनांबोनचा झाला. मोठ्या केंद्राने पारखलेलं, शिवाय आपल्याच माणसाने पाहिलेलं. बाकीची भातं त्या दोन वर्षांत खाऊन संपली. डोंगरात चुलीवर टांगलेलं बी फार तर एक-दोन वर्षं उगवतं. त्यानंतर ते नुसतं धान्य असतं.

तिसऱ्या वर्षी, म्हणजे सत्त्याण्णव साली, शेडमध्ये धुण्याचं यंत्र आलं. सगळ्या तुकड्यांना एका जोराची धार, खाली केसही निसटणार नाही अशी जाळी. यंत्राची परीक्षा म्हणून डॉक्टरबाईंनी जुन्याच साठ जाती पुन्हा पाइपात लावल्या होत्या. बायका आता नुसत्या जाळीवरची मुळं वेचायच्या. ऑगस्टमध्ये बाईंनी सिमांगला खोलीत बोलावलं. टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवलेले.

"यंत्रात बिघाड दिसतोय, सिमांग. एक्केचाळीस बघ, काहीच्या काही आलंय. बऱ्याच जातींची मुळं तळाला पोचलीत, त्यांत हे मधल्या रांगेतलं, साधं भात. आणि हे सतरा, आपल्याकडे तेव्हा तिसऱ्या तुकड्यात संपलं होतं, ते यात तळाला पोचलंय. नुसतं पोचलं नाही, तिथे दाट आहे. तू जुनी माणूस. तुला काय वाटतं?"

सिमांग उभी होती, ती खुर्चीवर बसली. न विचारता बाईंसमोर बसायची तिची ती पहिलीच वेळ.

"यंत्र ठीक आहे, मॅम," ती म्हणाली, आणि तिने सगळं सांगितलं. जांभळी कडी, करंगळीएवढी धार, दुहेरी चाळणी.

"अगं, पण आपण चार पाइपांची सरासरी काढतो. एखाद्या वेळी एखादीचा हात हलका पडला तर..."

"चारही मीच धुतले, मॅम. मागून घेतले."

बाईंनी दोन्ही कागद एकावर एक ठेवून कडा जुळवल्या. त्या ओरडतील, कागद फेकतील असं सिमांगला वाटलं. तसं झालं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

"हे कुणाला बोललीस?"

"नाही."

"बोलू नकोस," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "ते छापून झालंय. मी पुढच्या वर्षी निवृत्त होतेय." मग त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. त्या क्षणी त्या फार थकलेल्या दिसत होत्या, आणि सिमांगला त्यांचा रागही येईना.

"सतरा कुठलं आहे, मॅम?" तिने विचारलं.

बाईंनी कपाटातून जुनं रजिस्टर काढलं. पान सापडलं. एक्केचाळीस, मिंदोरो, कातमोन, देणाऱ्याचं नाव. सतरा, मिंदोरो, कातमोन, देणाऱ्याचं नाव. तारीख तीच. नाव तेच, तिच्या बापाचं. पुढे गोळा करणाऱ्याने पेन्सिलीने शेरा मारला होता: 'जाडं भात, मालक म्हणतो कोंबड्यांसाठी.'

तेव्हा तिला आठवलं. चिखलाच्या बुटांचा तो माणूस उठता उठता म्हणाला होता, आणखी काही आहे का? तातय हसला होता. "आहे की, पुलुबी आहे. भिकाऱ्याचं भात." पुलुबी म्हणजे भिकारीच. खडकाळ कडेला कसंही टाकलेलं, कसंही उगवणारं, जाडंभरडं; वाईट वर्षी पेजेला, चांगल्या वर्षी कोंबड्यांना. "जा ग सिमांग, मूठभर आण त्याला." माळ्यावर चढून ती मूठ तिनेच आणली होती. स्वतःच्या हाताने दिलेलं भात स्वतःच्या हाताने मोरीत घातलं. त्याला ना कडी होती ना वास, ओळखायचं कशावरून?

वाडीत आता पुलुबी कुणी पेरत असेल का? सांतोने पेरलं नव्हतं, ते तिला माहीत होतं. पण कुणीतरी असेल. एखादी हेकट म्हातारी असतेच. तिने डॉक्टरबाईंकडे सतराची पुडी मागितली. बाईंनी चिठ्ठीवर सही केली. शीतघरातून बर्फासारखी गार, चपटी पुडी आली. शंभर ग्रॅम.

कालापानच्या बोटीत, मग जीपमध्ये, मग शेवटची तीन तासांची चढण, पुडी तिने ब्लाउजच्या आत जपली. बोटीतच तिला कळलं होतं की मिंदोरोत जुलैपासून पाऊस नाही. चढताना पायाखालची माती पिठासारखी उडत होती. एरवी या दिवसांत इथे पाय घसरून माणसं पडत.

कातमोनचा उतार तिने लांबूनच पाहिला. एका रंगाचा, वरपासून खालपर्यंत. भात पोटरीत येऊन थांबलं होतं आणि उभ्या उभ्या वाळलं होतं. लहानपणी वाईट वर्षीही त्या उतारावर कुठेतरी एक हिरवी पट्टी असायची, त्या कडेला, खडकांपाशी. ती पट्टी नव्हती.

सांतो घराच्या भिंतीची बांबूची चटई सोडवत होता. बायको आणि पोरी आधीच खाली उतरून, समुद्रापलीकडे बातांगासच्या बाजूला उसाच्या मळ्यावर गेल्या होत्या. तो तिच्यापेक्षा नऊ वर्षांनी धाकटा, पण तिला क्षणभर तातयच बसलाय असं वाटलं.

"आते! कळवलं असतंस तर खाली घ्यायला आलो असतो. पाणी पी. थोडंच आहे, पण पी."

"सांतो, पुलुबी कुणाकडे आहे?"

"काय?"

"पुलुबी. बी. कुणाकडेतरी असेल ना?"

तो हसला. "एवढं चढून कोंबड्यांचं खाणं मागायला आलीस होय?"

ती बसली नाही. घरोघर गेली. निम्म्या घरांना दारंच उरली नव्हती. ज्यांत माणसं होती त्यांनी तिला ओळखलं, मायेने बोलवलं, तुझ्या तातयचं भात दोन वर्षं पोटभर खाल्लं बघ, म्हणाले. पुलुबी कुणाकडेच नव्हतं. शेवटचं घर एन्या म्हातारीचं. तिचा हेकटपणा अख्ख्या डोंगरात प्रसिद्ध, आणि सिमांगची सगळी आशा तिच्यावर होती.

"होतं की माझ्याकडे," एन्या म्हणाली. "मी नाहीच म्हणत होते सोडायला. चार कणसं टांगून ठेवली होती. पण तुझा भाऊ येऊन बसला, म्हणाला, आते सिमांगने स्वतः हाताने धुऊन पाहिलंय, तू काय तिच्यापेक्षा शहाणी? मार्चमध्ये टाकलं कोंबड्यांना. आता कोंबड्याही नाहीत."

सिमांग परत आली ती थेट शेतात गेली. सांतो मागून आला. तिने कोयत्याने एका रोपाभोवतीची जमीन फोडली आणि ते उपटलं. धुवायला पाणी नव्हतं आणि गरजही नव्हती. माती आपसूक झडली. जांभळी कडी सुकून काळी पडली होती. त्याखाली मुळांचा झुपका, दाट, सुरेख, आणि दीड वितीवर संपलेला; खाली दोन-तीन केस तेवढे. एवढ्या वर्षांत इतकं स्वच्छ मूळ तिने पाहिलं नव्हतं.

"बस," ती म्हणाली, आणि तिने भावाला सगळं सांगितलं. त्याला पाइप ठाऊक नव्हते, सरासरी ठाऊक नव्हती, तेव्हा तिने हातांनीच दाखवलं: नळ असा, चाळणी अशी, एकाला असं धुतलं आणि बाकीच्यांना असं. मग पुडी काढून त्याच्या तळव्यावर चार दाणे ओतले. ते तिच्या अंगाच्या उबेने कोमट झाले होते. त्याने लगेच ओळखले.

"हे तर पुलुबी."

"हो. हे टिकलं असतं."

तो ते दाणे बोटाने फिरवत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे तातयचं भात खोटं नव्हतं."

"नाही रे. ते होतं तसंच होतं."

"तुझं पत्र खोटं होतं."

तिने मान डोलावली.

"मी ते सगळ्यांना वाचून दाखवलं, आते," सांतो म्हणाला. आवाजात राग नव्हता, ते तिला सोसवलं नाही. "दोनदा वाचलं. एन्या ऐकेना, म्हणून तिच्या दारात जाऊन तिला तिसऱ्यांदा."

दुसऱ्या दिवशी दोघं बरोबरच डोंगर उतरले. सांतोच्या पाठीवर चटईची गुंडाळी आणि एक पातेलं. उतरायच्या आधी तिने पुडी त्याच्यापुढे धरली होती. "ठेव. पुढच्या वर्षी खडकांपाशी टाक."

"कोण टाकणार? मी उसात असेन."

"एन्या आहे."

"तिलाही न्यायला परवा तिचा पुतण्या येतोय." चार दाणे त्याने रात्रभर खिशात ठेवले होते, ते त्याने मोजून परत पुडीत टाकले आणि पुडीचं तोंड दुमडलं. "तिथेच ठेव परत. तिथे निदान उंदीर नाहीत."

बातांगासच्या धक्क्यावर तो मळ्याच्या ट्रकमध्ये चढला. तिने त्याचा हात धरला, तेव्हा तो दचकला. "किती गार ग तुझा हात," म्हणाला. मग ट्रक निघाला.

सोमवारी ती कामावर जाण्याआधी शीतघराच्या खिडकीशी गेली. कारकून तोच होता, आता केस पिकलेला. त्याने सतराची पुडी काट्यावर ठेवली आणि रजिस्टर उघडलं.

"पेरायला नेली होतीस ना? मग?"

"पेरलं नाही."

त्याने काट्याकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि आकडा लिहून घेतला.

"शंभर ग्रॅम," तो म्हणाला. "शाब्बास आते, एक दाणा जाऊ दिला नाहीस."